फोनवर ६, साध्या कॅल्क्युलेटरवर २६३२! मुंबईत शिकणाऱ्या पोरांनी स्टॅटिस्टिक्सच्या पेपरआधी हे वाचाच

मुंबई : गावाकडून बारावी करून पोरगं मुंबईला जातं. कोणी परळला मामाकडे राहतं, कोणी लालबागच्या चाळीत गावकऱ्यांच्या खोलीवर, कोणी गिरगावात आत्याकडे. कॉमर्सला प्रवेश मिळतो आणि पहिल्याच वर्षी गणित-संख्याशास्त्राचा पेपर समोर येतो. पोरगं अभ्यास करतं, फोनवर आकडेमोड करून उदाहरणं सोडवतं, उत्तरं जुळतात. परीक्षेत मात्र फोन बाहेर ठेवावा लागतो. हातात येतो साधा कॅल्क्युलेटर, तोही कधी कधी दुकानातून आदल्या दिवशी उचललेला. आणि तिथं उत्तर चुकतं.

हे कसं होतं ते स्वतः करून बघा. घरातल्या फोनच्या कॅल्क्युलेटरवर हे टाका : १०१० ÷ ५ − १४ × १४. उत्तर येईल ६. आता किराणा दुकानात असतो तसा साधा कॅल्क्युलेटर घ्या आणि त्याच क्रमानं तीच बटणं दाबा. उत्तर येईल २६३२.

दोन्ही यंत्रं बरोबर चालतात. फरक त्यांच्या रीतीत आहे. फोन आधी गुणाकार-भागाकार करतो, मग बेरीज-वजाबाकी. शाळेत शिकवलेला पदावलीचा नियम तो पाळतो. साधा कॅल्क्युलेटर डावीकडून उजवीकडे जसं येईल तसं करत जातो : २०२ मधून १४ गेले, राहिले १८८, त्याला १४ ने गुणलं, झाले २६३२. ज्याला हे माहीत नाही त्याचं सूत्र बरोबर, आकडे बरोबर आणि उत्तर मात्र साफ चूक.

ही अडचण मुंबईची की आपली?

दोघांचीही. मुंबई विद्यापीठाचा कारभार मुंबईपुरता नाही. ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हेही त्याच विद्यापीठात येतात. त्यामुळे परळच्या महर्षी दयानंद कॉलेजात शिकणारा आणि कणकवली-चिपळूणच्या कॉलेजात शिकणारा एकाच विद्यापीठाच्या नियमाखाली पेपर देतो.

गावाकडच्या मुलांना एक गोष्ट जास्त नडते. बारावी बोर्डाच्या पेपरवर लॉग टेबल चालेल, कॅल्क्युलेटर चालणार नाही, अशी सूचना छापलेली असते. म्हणजे बारावीपर्यंत परीक्षेत कॅल्क्युलेटरला हात लावायची वेळच येत नाही. कॉलेजात आल्यावर एकदम सांगतात, कॅल्क्युलेटर आणा. तो कुठला आणायचा, कसा चालवायचा, हे वर्गात सगळीकडे शिकवलं जातंच असं नाही. मग पोरं फोनवर सवय करतात.

कुठला कॅल्क्युलेटर चालतो?

कॅल्क्युलेटरचे ढोबळ चार प्रकार धरा.

पहिला साधा : बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, टक्के, वर्गमूळ आणि मेमरीची बटणं. कॉमर्सच्या गणित-संख्याशास्त्राच्या पेपरवर 'साधा कॅल्क्युलेटर वापरता येईल' अशी सूचना असते, ती याच्यासाठी.

दुसरा सायंटिफिक, पण नॉन-प्रोग्रॅमेबल : यात घातांक, लॉग, साइन-कॉस असतं. कॅसिओचा एफएक्स ८२ एमएस हा पोरांच्या हातात नेहमी दिसणारा नमुना. त्यात आकडे भरले की सरासरी आणि प्रमाण विचलन म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन तो स्वतःच काढून देतो. म्हणूनच काही पेपरना तो चालत नाही. विज्ञान शाखेच्या पेपरला बहुधा 'नॉन-प्रोग्रॅमेबल' असा शब्द असतो, तिथं हा चालू शकतो.

तिसरा प्रोग्रॅमेबल किंवा ग्राफवाला : यात सूत्रं, मजकूर साठवून ठेवता येतो. आपल्याकडच्या कॉलेजच्या पेपरला हा आणूच नये.

चौथा म्हणजे फोन आणि स्मार्टवॉच. परीक्षेच्या नियमात हे कॅल्क्युलेटरमध्ये मोडतच नाहीत. 'सर, फक्त कॅल्क्युलेटरसाठी काढला होता' हे कारण तिथं चालत नाही. फोन बंद करून खिशात ठेवला, तरी तो सापडला की गैरप्रकाराचा कागद तयार होतो.

एक ध्यानात ठेवा, नियम विषयानुसार आणि कॉलेजनुसार बदलतो. माटुंग्याच्या रुईयासारखी स्वायत्त कॉलेजं आपले पेपर आणि परीक्षेचे नियम स्वतः ठरवतात. त्यामुळे दादरच्या मित्रानं सांगितलं म्हणून गिरगावच्या मुलानं तेच धरून चालू नये. आपल्या कॉलेजची नोटीस, मागच्या वर्षीच्या पेपरवरची सूचना आणि विषय शिकवणारे सर किंवा मॅडम, या तिघांकडून खात्री करून घ्यावी. तिन्हीकडून 'साधा' असंच कळलं, तर अभ्यासही साध्यावरच करावा.

दुकानातला मोठा कॅल्क्युलेटर नेताय? आधी हे बटण बघा

घरात किंवा दुकानात असलेला मोठा, ठळक आकड्यांचा कॅल्क्युलेटर बरीच पोरं घेऊन जातात. तो साधाच असतो, म्हणून चालतोही. पण त्यावर वरच्या बाजूला एक सरकतं बटण असतं. त्यापुढे एफ, ४, २, ०, ए अशी चिन्हं असतात. किती दशांश स्थळं दाखवायची, हे त्या बटणावर ठरतं.

दुकानदार पैशांचा हिशेब करतो, म्हणून त्याचं बटण बहुतेक वेळा २ वर किंवा ए वर असतं. २ वर असेल तर उत्तर दोन दशांशांपर्यंतच येईल. ० वर असेल तर २.४४९ ऐवजी नुसते २ दिसतील. ए वर तर आणखी गंमत, १२५० टाकून बेरीज केली की ती १२.५० धरून होते. पेपरला जाताना हे बटण एफ वर ठेवावं. एफ म्हणजे जेवढे दशांश निघतील तेवढे सगळे दाखवणं.

बोलणारा, टूं-टूं आवाज करणारा किंवा कागदावर छापणारा कॅल्क्युलेटर नेऊ नका. सुपरवायझर काढून घेऊ शकतात. बॅटरी आणि सोलर दोन्हीवर चालणारा असेल तर उत्तम, वर्गात उजेड कमी असला तरी अडत नाही.

मेमरीची चार बटणं : निम्मा वेळ इथं वाचतो

साध्या कॅल्क्युलेटरवर एम प्लस, एम मायनस आणि एमआरसी ही बटणं असतात. काहींवर एमआरसी ऐवजी एमआर आणि एमसी अशी दोन असतात. अनेक जणांनी ती आयुष्यात कधी दाबलेली नसतात. स्टॅटिस्टिक्सच्या पेपरात हीच बटणं कामाची आहेत.

एक उदाहरण घेऊ. पाच दिवसांत विकल्या गेलेल्या आंब्याच्या पेट्या : १२, १५, ११, १८, १४. सरासरी आणि प्रमाण विचलन काढायचं आहे.

आधी सरासरी. पाचही आकड्यांची बेरीज ७०, भागिले ५, सरासरी १४.

आता वर्गांची बेरीज. आधी एमआरसी दोनदा दाबून जुनी मेमरी पुसा. मग १२ × १२ दाबून बरोबरचं चिन्ह न दाबता थेट एम प्लस दाबा. पडद्यावर १४४ येईल, तो कागदावरच्या तक्त्यात लिहा. मेमरीत तो आपोआप जमा झाला. पुढे १५ × १५ एम प्लस, २२५ लिहा. तसंच ११ चे १२१, १८ चे ३२४, १४ चे १९६. शेवटी एमआरसी एकदा दाबा, बेरीज तयार : १०१०. वेगळी बेरीज करायची गरजच नाही.

आता शेवटची पायरी, जिथं सुरुवातीला घोटाळा झाला होता ती. मेमरी पुन्हा पुसा. १०१० ÷ ५ एम प्लस, म्हणजे २०२ जमा. १४ × १४ एम मायनस, म्हणजे १९६ वजा. एमआरसी दाबा, ६ येतील. लगेच वर्गमूळाचं बटण दाबा : २.४४९. झालं प्रमाण विचलन.

सहसंबंध, समाश्रयण, निर्देशांक या सगळ्या प्रकरणांत दोन रकान्यांचा गुणाकार करून बेरीज घ्यावी लागते. तिथं हीच युक्ती चालते : गुणा, एम प्लस, लिहा, पुढचा.

चक्रवाढ व्याजाला घात लागतो, तिथंही सोय आहे. कॅल्क्युलेटरवर २ × = = दाबून बघा. ८ आले तर त्याच पद्धतीनं १.०८ चा घनही निघेल. नाही आले तर २ × × = = करून बघा. कंपनीनुसार रीत वेगळी असते, म्हणून परीक्षेच्या आधी घरी हे तपासायचं. पेपरात प्रयोग नकोत.

वेळेचा हिशेब : एका गुणाला दोन मिनिटं

मुंबई विद्यापीठाच्या पेपरांची वेळ गुणांवर ठरते. ६० गुणांच्या पेपरला दोन तास, ७५ गुणांना अडीच तास, १०० गुणांना तीन तास अशी पद्धत चालत आली. नव्या शैक्षणिक धोरणानंतर दोन क्रेडिटच्या अनेक विषयांना ५० गुण असतात. त्यातले ३० लेखी परीक्षेचे, वेळ एक तास, आणि २० कॉलेजातल्या अंतर्गत मूल्यमापनाचे.

भागाकार करून बघा. ३० गुण ६० मिनिटं, ६० गुण १२० मिनिटं, ७५ गुण १५० मिनिटं. सगळीकडे एका गुणाला दोन मिनिटं येतात. १०० गुणांच्या पेपरला तर त्याहून थोडी कमी.

म्हणजे पाच गुणांच्या गणिताला दहा मिनिटं. त्यात वाचणं आलं, तक्ता आखणं आलं, आकडेमोड आली. एक तासाच्या पेपरात एका उदाहरणावर वीस मिनिटं गेली, तर दुसरं एक उदाहरण हातचं गेलंच. म्हणून पहिली पाच मिनिटं पेपर वाचायला, शेवटची पाच तपासायला आणि मधली पन्नास लिहायला, असं गणित डोक्यात ठेवावं. एखादं अडलं तर जागा सोडून पुढं जावं.

वर्गात घड्याळ असेलच असं नाही आणि फोन तर बाहेर आहे. त्यामुळे साधं काट्याचं हातघड्याळ जवळ असू द्या. स्मार्टवॉच नको.

उशिराचंही तसंच. लालबागहून करी रोडची गाडी पकडा, परळहून या नाहीतर गिरगावातून चर्नी रोडवरून जा, सकाळची लोकल कधी अडकेल सांगता येत नाही. तीन तासांच्या पेपरात दहा मिनिटांचा उशीर भरून काढता येतो. एक तासाच्या पेपरात दहा मिनिटं म्हणजे पाच गुण.

नुसतं उत्तर लिहू नका

परदेशात रीत वेगळी आहे. अमेरिकेत शाळेतच कॉलेजचं क्रेडिट मिळवून देणारी एपी स्टॅटिस्टिक्स नावाची परीक्षा असते. तिची आतापर्यंतची पद्धत अशी : दीड तासात ४० पर्यायी प्रश्न आणि दीड तासात ६ मोठे प्रश्न, मिळून तीन तास. तिथं ग्राफवाला कॅल्क्युलेटर नुसता चालतच नाही, तर मुलाकडे तो असेल हे धरूनच पेपर काढतात. आकडेमोड यंत्रानं करावी आणि मुलानं अर्थ सांगावा, असा तिथला विचार.

आपल्याकडे गेट आणि कॅट या प्रवेश परीक्षांत कॅल्क्युलेटर संगणकाच्या पडद्यावरच दिलेला असतो, स्वतःचा नेता येत नाही. कंपनी सेक्रेटरीच्या परीक्षेत सहा क्रिया, बारा अंक आणि दोन मेमरी यापेक्षा मोठा कॅल्क्युलेटर चालत नाही.

कॉलेजच्या पेपरात मात्र पायऱ्यांना गुण असतात. सूत्र लिहिलं, तक्ता आखला, बेरजा दाखवल्या, किंमती घातल्या, मग उत्तर चुकलं तरी काही गुण पदरात पडतात. उलट सायंटिफिकवर बटण दाबून नुसतं २.४४९ लिहिलं, तर परीक्षकाला त्यामागचं काम दिसत नाही. म्हणून प्रत्येक बेरीज कागदावर यायला हवी. मेमरीतला आकडा तपासणाऱ्याला दिसत नाही.

आणखी एक चूक हमखास होते. पोरं मधल्या पायरीतच दशांश तोडतात. सरासरी १४.६६६ असेल तर १५ धरून पुढं जातात आणि शेवटी उत्तर भलतंच येतं. मधे तीन-चार दशांश ठेवा, पूर्णांक करायचाच असेल तर शेवटी.

छोटी चूक, मोठा त्रास

काही गोष्टी मुलांना साध्या वाटतात, पण परीक्षेच्या नियमात त्या गंभीर असतात. कॅल्क्युलेटरच्या झाकणावर किंवा मागे पेन्सिलनं सूत्र लिहिलेलं असेल तर ती कॉपीच. शेजाऱ्याचा कॅल्क्युलेटर मागून घेणं हेही टाळावं, कारण आकडे आणि चिठ्ठ्या त्यातून फिरतात असं सुपरवायझर धरतात. महाराष्ट्रात विद्यापीठ आणि बोर्डाच्या परीक्षांतले गैरप्रकार रोखण्यासाठी १९८२ पासून स्वतंत्र कायदा आहे. शिवाय विद्यापीठाची चौकशी होते, ती वेगळी. निकाल अडकून राहतो. गावाकडे आईवडिलांना कारणही नीट कळत नाही.

वर्गात शिरण्याआधी झाकण पुसा, खिसे तपासा, फोन बॅगेत आणि बॅग बाहेर. एवढं केलं तरी पुरे.

दिव्यांग विद्यार्थ्यांना वेळ जास्त मिळतो

ही माहिती गावापर्यंत फार कमी पोचते. केंद्र सरकारच्या दिव्यांग विभागानं २०१८ च्या ऑगस्टमध्ये लेखी परीक्षांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्या विद्यार्थ्याला दर तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ द्यावा, असं त्यात आहे. म्हणजे एक तासाच्या पेपरला २० मिनिटं, दोन तासांच्या पेपरला ४० मिनिटं. गरजेनुसार लेखनिकाचीही सोय आहे. ज्या पेपरला कॅल्क्युलेटर चालतो, तिथं अंध विद्यार्थ्याला बोलणारा कॅल्क्युलेटर वापरता येतो. बाकीच्यांना बंदी असलेलं हे यंत्र त्याला हक्कानं मिळतं.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये आणखी सूचना आल्या. ४० टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्व आहे, पण लिहायला खरोखर अडचण येते, अशांनाही सरकारी आरोग्य संस्थेच्या प्रमाणपत्रावर लेखनिक आणि जादा वेळ मिळू शकतो. मात्र पेपरच्या दिवशी सांगून हे होत नाही. परीक्षेचा फॉर्म भरतानाच कॉलेजच्या ऑफिसात लेखी अर्ज आणि प्रमाणपत्राची प्रत द्यावी, पोच घ्यावी.

एका पेपरवर काय अडतं?

गावात विचारतात, एका विषयात राहिला तर काय झालं, पुढच्या वेळी देईल. पूर्वी तसं म्हणता येत होतं. आता सगळा हिशेब क्रेडिटचा आहे. तासिकांच्या विषयात १५ तासांना एक क्रेडिट, एका सत्रात २० ते २२ क्रेडिट, तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२. राज्यात स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि बाकीच्या कॉलेजांत २०२४-२५ पासून ही पद्धत सुरू झाली.

पैशाची अडचण आली, घरी कोणी आजारी पडलं आणि पोराला एका वर्षानंतर शिक्षण थांबवावं लागलं, तर पूर्वी हातात काहीच उरत नव्हतं. आता ४० ते ४४ क्रेडिट जमा असतील आणि बाकीच्या अटी पूर्ण केल्या असतील, तर पहिल्या वर्षाचं प्रमाणपत्र मिळतं. दोन वर्षांनंतर पदविका. मिळवलेले क्रेडिट अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये सात वर्षांपर्यंत जमा राहतात आणि पुढं परत येऊन शिक्षण चालू ठेवता येतं. पण ही बँक पास झालेल्या विषयाचंच क्रेडिट जमा करते. स्टॅटिस्टिक्सचे दोन क्रेडिट राहिले, तर प्रमाणपत्रही तेवढ्यापुरतं अडतं.

म्हणजे परळच्या खोलीत राहून, डब्याचे आणि पासाचे पैसे जपून केलेलं वर्ष कधी कधी मेमरी न पुसल्यामुळे किंवा दशांशाचं बटण २ वर राहिल्यामुळे लोंबकळतं.

गावाकडून काय करता येईल?

सत्र परीक्षा बहुधा गणपती-दसरा उरकल्यावर आणि नंतर उन्हाळ्याच्या तोंडावर येतात. गणपतीला पोरगं गावी येईल, तेव्हा अभ्यास झाला का एवढंच विचारू नका. या गोष्टी विचारा : पेपरला कुठला कॅल्क्युलेटर चालतो, कॉलेजची नोटीस बघितली का? गणितं फोनवर सोडवतोस की कॅल्क्युलेटरवर? एम प्लस वापरता येतं का? घड्याळ लावून एक जुना पेपर पूर्ण सोडवलास का?

आणि शेवटी त्याच्या हातातल्या कॅल्क्युलेटरवर २ + ३ × ४ = दाबायला सांगा. २० आले तर तो साधा, १४ आले तर तो सायंटिफिक रीतीचा. ज्या रीतीचा पेपरला न्यायचा, त्याच रीतीचा आजपासून रोज हातात हवा. फोन अभ्यासाला वापरा, व्हिडिओ बघा, नोट्स वाचा. आकडेमोडीसाठी मात्र तो आत्ताच बाजूला ठेवा.